नाव नवे, किल्ल्या जुन्या

लग्नानंतर नाव बदलण्याचा खटाटोप ज्यांनी केला आहे, त्यांना आजचा विषय चटकन कळेल. बँकेचे पासबुक एका नावाचे, पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे आणि रेशनकार्डावर तिसरेच काहीतरी! आपण त्याच असतो, चेहरा तोच, अक्षरही तेच. पण खिडकीपलीकडचा कारकून चष्म्यावरून बघत म्हणतो, "बाई, नाव जुळत नाही." आपल्याला राग येतो. खरे म्हणजे त्याचे काही चुकत नाही. तो आपल्याला ओळखत नाही, त्याच्यापुढच्या यादीला ओळखतो. आणि त्या यादीत नवे नाव घालायला आपणच विसरलेल्या असतो.

वेबसाइटचे नाव बदलले की नेमके हेच होते. गेल्या दिवाळीआधी आम्हाला त्याचा चांगलाच धडा मिळाला. अलीकडे पुष्कळ मैत्रिणी घरबसल्या मसाले, साड्या, शिकवण्या, फराळ यांसाठी लहानशी वेबसाइट चालवतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून आमच्या फजितीची ही हकिकत सांगते.

आमच्या कॉलनीतल्या आम्ही नऊ जणी मिळून दिवाळीचा फराळ करतो. वेबसाइटवर एक फॉर्म आहे. नाव, पत्ता, फोन, काय हवे आणि किती किलो, एवढे भरून बटण दाबले की ऑर्डर आमच्याकडे येते. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी असतातच, शिवाय परदेशातल्या मुलांना डबे धाडणारे आई-वडीलही पुष्कळ. वेबसाइटचे जुने नाव म्हणजे मंडळाचे सबंध लांबलचक नाव होते. इंग्रजीत लिहिताना दीर्घ 'ई'साठी कुणी एक अक्षर लिही, कुणी दोन. फोनवर सांगता सांगता घसा कोरडा पडे. म्हणून नवरात्रात माझ्या भाच्याने आम्हाला सुटसुटीत नवे नाव घेऊन दिले, जुन्या नावावर येणारे लोक आपोआप नव्यावर जातील अशी सोय केली आणि दसऱ्याचे सोने वाटून तो बंगळूरला परत गेला.

शुक्रवारी नाव बदलले. शनिवारी एकही ऑर्डर नाही. रविवारी नाही. सोमवारीही नाही! आम्हाला वाटले, यंदा किलोमागे चाळीस रुपये वाढवले ते लोकांना झेपले नाहीत. चकल्या करणाऱ्या काकूंनी तर तेलाचे दोन डबे आणि दहा किलो भाजणी आणून ठेवलेली. धाकट्या मुलीच्या वसतिगृहाचे पैसे त्या याच कमाईतून भरतात. त्या काही बोलल्या नाहीत, पण दिवसातून तीनदा माझ्या दारात यायच्या आणि "आलं का काही?" एवढंच विचारायच्या.

मंगळवारी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "अहो, तुमचा फॉर्म मला चोर समजतो! चार वेळा भरला, चारही वेळा सुरक्षेचं काहीतरी कारण सांगून हाकलून दिलं."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गिऱ्हाईक रुसले नव्हते. दारच उघडत नव्हते.

आता आमची चूक सांगते, कारण ती सगळ्यांत महागात पडली. भाचा दिवसभर कामात होता. ओळखीतला एक मुलगा म्हणाला, "काकू, ती 'मी यंत्रमानव नाही' अशी खूण करायची चौकट आहे ना, तीच काढून टाका. फॉर्म लगेच चालेल." आम्ही काढली आणि फॉर्म चालला! दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो दीडशेच्या वर ऑर्डरी! काकूंना हाक मारायला मी दाराशी गेलेसुद्धा. मग नीट वाचले. कुणी पाच हजार किलो शंकरपाळे मागवलेले, कुणाचे नाव म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी, कुणी पत्त्याच्या जागी भलत्याच जाहिराती चिकटवलेल्या. माणसाने भरलेल्या त्या नव्हत्याच, इंटरनेटवर उघडे फॉर्म हुडकत फिरणाऱ्या यंत्रांचा तो कचरा होता. संतापाच्या भरात आम्ही तो सगळा ढीग एकदम पुसून टाकला.

त्या ढिगात नागपूरच्या एका आजींची खरी ऑर्डर होती. चार किलो फराळ, कॅनडातल्या मुलासाठी. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा कळले. डबा गेला, पण दिवाळीनंतर पोचला. आजी रागावल्या नाहीत, म्हणूनच जास्त लागलं.

म्हणून मैत्रिणींनो, पहिला नियम लक्षात ठेवा. किल्ली लागत नाही म्हणून कुलूप फोडायचे नाही. त्या तपासण्या गिऱ्हाइकांच्या आणि आपल्या भल्यासाठीच असतात. लोक विश्वासाने आपल्याला फोन नंबर आणि घरचा पत्ता देतात. ती माहिती नीट सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे. आपल्या देशात २०२३ मध्ये त्यासाठी कायदाही झाला आहे.

त्या रात्री भाच्याला फोनवर धरून मी एकेक गोष्ट समजावून घेतली. तो म्हणाला, "मावशी, आधी मला सांग, अडतं नेमकं कुठं? पान उघडताना, चौकटीवर खूण करताना, बटण दाबल्यावर, की सगळं नीट होऊनही मेल येत नाही म्हणून?" डॉक्टर जसे दुखते कुठे ते आधी विचारतात, तसेच हे. चार जागा, आणि चारही जागांचे औषध निरनिराळे.

पहिली जागा, पान उघडतानाची. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असते ना, त्याच्यामागे एक प्रमाणपत्र असते. 'हे दुकान खरोखर याच नावाचे आहे' असे ते सांगते. ते नावावरच दिलेले असते. जुन्या नावाचे प्रमाणपत्र नव्या नावाला चालत नाही, माझी माहेरच्या नावाची पदवी पाहून कारकून अडला तसाच ब्राउझर इथे अडतो आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा देतो. नव्या नावाचे प्रमाणपत्र घेतले की काम झाले. २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्थेकडून ते फुकटही मिळते. मात्र अशी मोफत प्रमाणपत्रे थोड्याच महिन्यांची असतात, म्हणून ती आपोआप नवी होतील अशी सोय लावून ठेवावी. जागा भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या ती करून देतात.

इथे एक बारीक खोच आहे. नावाआधी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावले तर ते संगणकाच्या लेखी वेगळे नाव होते. आमचे प्रमाणपत्र त्याशिवायच्या नावाचेच होते. जुन्या वळणाची माणसे मात्र ती तीन अक्षरे हटकून लिहितात, आणि त्यांना तो भीतीदायक इशारा दिसत होता. प्रमाणपत्र दोन्ही रूपांचे घ्यावे. जुन्या नावाचे प्रमाणपत्रही चालू ठेवावे, नाहीतर जुन्या पत्त्यावर येणारे गिऱ्हाईक नव्याकडे वळण्याआधीच दारात अडते.

दुसरी जागा, खूण करायच्या चौकटीची. तिला 'कॅप्चा' म्हणतात. आम्ही गूगलचा 'रीकॅप्चा' वापरतो. तो घेताना आपल्या साइटचे नाव नोंदवावे लागते आणि त्या नावासाठी किल्ली मिळते. नव्या नावावर जुनी किल्ली फिरवली की चौकटीतच इंग्रजीत संदेश येतो, 'एरर फॉर साइट ओनर : इनव्हॅलिड डोमेन फॉर साइट की'. म्हणजे, 'मालकीणबाई, ही किल्ली या नावाची नाही.' पाहा, संदेश आमच्यासाठीच होता, आणि तो वाचत होत्या पुण्याच्या बाई! उपाय अगदी सोपा. आपल्या खात्याने रीकॅप्चाच्या पानावर जावे, त्या किल्लीच्या नावांच्या यादीत नवे नाव घालावे आणि साठवावे. जुने नावही काही दिवस यादीत राहू द्यावे. मुख्य नाव घातले की 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'चे रूप त्यातच येते. बदल लागू व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात चहा करून घ्यावा. आमचा तीन दिवसांचा खोळंबा या पाच मिनिटांच्या कामाने संपला. हेच मंगळवारी केले असते तर आजींचा डबा वेळेवर पोचला असता.

तिसरी जागा, बटण दाबल्यानंतरची, आणि हिनेच मला सर्वांत जास्त छळले. कॅप्चा सुधारल्यावर बहुतेकांचा फॉर्म जायला लागला, पण काही जणांना 'सुरक्षा तपासणी अयशस्वी, पान पुन्हा उघडा' असे येतच राहिले. पुन्हा उघडूनही तेच. त्याची गंमत अशी. चपला ठेवायच्या जागी आपल्याला बिल्ला देतात, त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला चपलांवर लावतात. दोन्ही जुळले तरच चपला मिळतात. तसेच फॉर्म उघडताना साइट एक गुप्त खूण फॉर्ममध्ये लपवते आणि तिची जोडी आपल्या ब्राउझरकडे देते. ब्राउझर ती ज्या चिठ्ठीच्या आधाराने सांभाळतो तिला 'कुकी' म्हणतात. ही युक्ती १९९४ मध्ये लू मॉन्टुली या अमेरिकन तंत्रज्ञाने काढली. बटण दाबले की दोन्ही खुणा जुळवून पाहतात. एखाद्या भलत्या साइटने तुमच्या नकळत तुमच्या नावाने फॉर्म धाडू नये म्हणून ही खबरदारी असते.

आता कुकी ज्या नावाने दिली त्याच नावाला परत जाते, दुसऱ्या नावाला ब्राउझर ती दाखवत नाही. आमच्या साइटवर काय झाले होते? काही लोक 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आत येत होते, कुकी त्या नावाची मिळत होती आणि फॉर्म मात्र त्या अक्षरांशिवायच्या पत्त्यावर जात होता. बिल्ला एका दाराचा आणि चपला दुसऱ्या दाराशी! भाच्याने मग एक नियम लावला. कोणत्याही नावाने आलात तरी पान उघडण्याआधीच एका ठरलेल्या नावावर जायचे. त्या क्षणी तक्रारी थांबल्या.

तुमच्याकडे असे झाले तर तीन गोष्टी तपासायला सांगा. फॉर्म कुठे जायचा तो पत्ता कुणी जुन्या नावासकट पक्का लिहून ठेवला आहे का? असला तर बदला. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पुढे धाडण्याची सोय असली तरी तिच्यावर विसंबू नका. नेहमीच्या पद्धतीने पुढे धाडताना ब्राउझर पाकीट पोचवतो खरा, पण आतला मजकूर बहुधा वाटेतच गळतो आणि गिऱ्हाइकाला पुन्हा कोरा फॉर्म दिसतो. तो पत्ता नुसत्या 'एचटीटीपी'ने सुरू होत असेल तर तेही बदला. २०२० च्या अखेरीपासून क्रोम ब्राउझर अशा फॉर्मवर 'ही माहिती सुरक्षित नाही' असा इशारा देतो. दुसरी गोष्ट, साइटच्या सेटिंगमध्ये कुकीसाठी किंवा परवानगी दिलेल्या पत्त्यांच्या यादीत जुने नाव राहिले आहे का? वर्डप्रेस असेल तर 'जनरल' सेटिंगमधले दोन्ही पत्ते पाहावेत. तिसरी, पाने लवकर उघडावीत म्हणून साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे 'कॅशे', रिकामा केला आहे का? शिळ्या पानात शिळी खूण असते. वर्डप्रेसमधली अशी खूण मुळातच एका दिवसाच्या आत बाद होते.

चौथी जागा, मेलची. फॉर्म गेला, 'धन्यवाद' आले, पण गिऱ्हाइकाला पोच मिळत नाही. आमच्या पोचा स्पॅममध्ये पडत होत्या. मेल नव्या नावाने जात होती, पण 'या नावाने मेल धाडायचा अधिकार अमुक सर्व्हरला आहे' अशी नोंद नव्या नावापुढे केलीच नव्हती. 'एसपीएफ' आणि 'डीकेआयएम' अशी त्या नोंदींची नावे आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबतीत जास्त कडक झाले आहे. नाव जिथून विकत घेतले त्यांच्या पानावर किंवा मेलची सोय देणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे या नोंदी कराव्यात. फॉर्मबरोबर पैसे भरायची सोय असेल तर त्या कंपनीकडेही नवे नाव नोंदवा, आणि पैसे मिळाल्याची वर्दी ज्या पत्त्यावर येते तोही बदला. नाहीतर गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आपल्या वहीत ऑर्डर चढत नाही. मग दोन्हीकडून बोलणी!

हे सगळे झाल्यावर स्वतः गिऱ्हाईक व्हा. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे जुन्या कुकी आड येत नाहीत. नव्या नावाने, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि जुन्या नावाने, असा तीनदा फॉर्म भरून पाहा. एकदा मोबाइलवर घरचे वायफाय बंद करूनही पाहा. नवे नाव सगळीकडे पोचायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून आपल्या घरी उघडले म्हणजे नागपूरला उघडलेच असे समजू नये. आणि कुणी अडल्याचे सांगितले तर तिच्याकडून पडद्याचा फोटो मागवा. 'काहीतरी एरर येते' यावरून कुणालाही निदान करता येत नाही.

गिऱ्हाइकांना कळवणे हेही एक कामच आहे. अचानक नवे नाव दिसले की शहाणे माणूस बिचकते, आणि बिचकावेच. फसवणारे लोक अशीच मिळतीजुळती नावे घेतात. म्हणून नेहमीच्याच फोन नंबरवरून, जुन्या साइटवर आणि डब्यात घालायच्या चिठ्ठीवर सूचना द्या, 'आमचे नाव अमुक तारखेपासून असे झाले आहे. आम्ही ओटीपी किंवा पिन कधीही विचारत नाही.' आमच्या नावाने कुणी फसवलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, असेही आम्ही खाली छापतो.

आणखी एक. नवे नाव आले म्हणून जुने सोडून देऊ नका. त्याचे वार्षिक पैसे भरत राहा. मुदत संपून ते सुटले तर कुणीही विकत घेऊ शकतो आणि आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याच नावाने खोटा फॉर्म दाखवू शकतो. निदान वर्षभर तरी जुन्यावरून नव्याकडे पाठवायची सोय ठेवावीच. आम्ही तर ते कायमचेच ठेवायचे ठरवले आहे. वर्षाला जे पैसे पडतात ते एखाद-दोन किलो चिवड्याच्या किमतीइतके. तेवढ्यासाठी आपले नाव परक्याच्या हाती का द्यावे?

शेवटी, माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवलेली यादी देते. तुम्हीही उतरवून घ्या.

हंगामाच्या तोंडावर नाव बदलू नये, दिवाळीचे काम असेल तर ज्येष्ठ-आषाढातच उरकावे.
बदलण्याआधी, आपले जुने नाव कुठे कुठे नोंदले आहे त्याची यादी करावी : प्रमाणपत्र, कॅप्चा, फॉर्मचा पत्ता, कुकी, मेल, पैसे.
एकच रूप ठरवावे आणि सर्वांना त्याच दारातून आत आणावे.
संदेश अक्षरशः वाचावा, लिहून घ्यावा.
तपासणी बंद करू नये, तिच्या यादीत नाव घालावे.
कचऱ्यात खऱ्या ऑर्डरी असू शकतात, एकेक पाहिल्याशिवाय पुसू नये.

शेवटची ओळ मी लाल शाईने लिहिली आहे.

काकूंचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. उरलेल्या दिवसांत ऑर्डरी आल्या, भाजणी संपली आणि तेलाचा एक डबा तेवढा उरला. तो आम्ही सर्वजणींनी वाटून घेतला, काकूंच्या अंगावर पडू दिला नाही. नागपूरच्या आजींना यंदा आम्ही श्रावणातच फोन करणार आहोत, पहिला डबा त्यांच्या मुलाचा म्हणून. फॉर्म भरायची तसदीही त्यांना देणार नाही. पत्ता माझ्या वहीत लिहिलेला आहे.